भिंतीकडची जीप, नळाकडची जीप

एका माणसाच्या जीपचे पुढचे दोन्ही शाफ्ट मी दुसऱ्याच माणसाच्या जीपमध्ये बसवले, आणि मग त्या पहिल्या जीपमध्ये स्वतःच्या बायकोला बसवून ती जीप भीमा नदीत घातली.

माझ्या सगळ्या कारागिरीत गाजलेलं काम एवढंच. शिरूरच्या बाजारात जुनी माणसं भेटली की अजून त्यावरूनच ओळख देतात. ज्यांच्या गाड्या मी धडपणे दुरुस्त करून दिल्या, ती माणसं मात्र समोरून गेली तरी मान वळवत नाहीत. चांगल्या कामाची आठवण गाडीबरोबर भंगारात जाते. फजितीची आठवण घरात जेवायला बसते.

ज्यांनी गाडीखाली कधी पाठ टेकली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. त्या काळातल्या मोटारींना मागची चाकं ढकलायची. पुढची चाकं फक्त दिशा दाखवायची, लग्नाच्या वरातीत पुढे चालणाऱ्या चुलत्यासारखी. जीपचं तसं नव्हतं. तिच्या पुढच्या चाकांनाही ओढायला लावता यायचं. त्यासाठी पुढच्या आसात दोन लोखंडी कांबी असतात, त्यांना म्हणायचं शाफ्ट. एक आखूड, एक लांब, कारण ज्या गोळ्यातून ते निघतात तो गोळा गाडीच्या मधोमध नसतो, एका अंगाला असतो. पुढच्या चाकाला ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं, म्हणून शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला एक सांधा, आणि सांध्यात पोलादी गोळ्या. ड्रायव्हरच्या हाताशी एक छोटा दांडा. चिखलात नाहीतर वाळूत तो ओढला की चारी चाकं कामाला लागतात.

आता आमच्या भागातली रीत. दिवाळी झाली, रानातल्या वाटा वाळल्या, की जीपवाले गॅरेजला येऊन म्हणायचे, “मिस्त्री, पुढचं शाफ्ट काढून ठेवा.” पुढची चाकं उगाच ती कांब फिरवत बसतात, त्यात पेट्रोल जातं, टायर झिजतो, असा सगळ्यांचा समज. समज अगदीच खोटा नव्हता. आम्ही शाफ्ट काढायचो, ग्रीस फासून गोणपाटात गुंडाळायचो आणि गॅरेजच्या भिंतीला खिळ्यांवर टांगून ठेवायचो. पावसाच्या तोंडावर पुन्हा ज्याचे त्याला घालून द्यायचो. हिवाळ्यात आमच्या गॅरेजची ती भिंत बघितली की वाटायचं, आत बरीच पाहुणेमंडळी जेवायला बसलीत आणि कोट बाहेर टांगलेत.

गॅरेज इब्राहिममामांचं. पुणे-नगर रस्त्याला, एसटी स्टँडच्या अलीकडे, पत्र्याची एक शेड आणि पुढे कडुलिंब. मामा नगरला लष्कराच्या गाड्यांवर शिकले होते. लिलावात निघालेल्या लष्करी जीपा पुढे आमच्या तालुक्यातल्या बागाईतदारांनी घेतल्या, त्या सगळ्यांचे वैद्य मामा. बोलणं कमी. मी चूक केली की ते ओरडायचे नाहीत. हातातला पाना खाली ठेवायचे आणि लिंबाकडे बघत बसायचे. त्या लिंबाकडे मामांनी माझ्यामुळे जेवढं बघितलं तेवढं त्याच्या कावळ्यांनीही बघितलं नसेल.

शाफ्ट काढायचं काम अवघड नाही, चिकट आहे. जीपचं पुढचं अंग जॅकवर घ्यायचं, खाली लाकडी ठोकळा द्यायचा, चाक काढायचं. मग मधली वाटीसारखी टोपी, आतली फिरकी, बेअरिंगचे नट. ड्रम बाहेर. ब्रेकची पाटी सोडवून तारेनं वर बांधून ठेवायची, ती लोंबली तर तेलाची नळी तुटते. मग लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत मधली नळी सैल करायची आणि शाफ्ट सरळ, अगदी सरळ ओढायचा. जरा तिरका झाला तर आतलं ऑइल सील फाटतं, आणि पुढे महिनाभर ती जीप जिथे उभी राहील तिथे काळं शिंपण करत राहते. शिरूरमधल्या निम्म्या अंगणांत ते शिंपण माझं होतं.

बसवताना मामांचा एक नियम होता. टोपी लावायच्या आधी बोट आत घालायचं आणि शाफ्टच्या टोकाचे दाते चाचपायचे. “डोळा फसतो, बोट नाही फसत,” असं ते म्हणायचे. कारण एकदा टोपी बसली की आत शाफ्ट आहे की नुसती पोकळी, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. कोरड्या सडकेवर जीप तशीही मागच्या चाकांवर पळते. ते कळायला नदीच लागते.

मी बोट घालत नव्हतो. बोटाला ग्रीस लागतं आणि मग चहाचा कप निसटतो, असं माझं म्हणणं होतं.

नवीन असताना मी एक सांधा हातात घेऊन उगाच वाकवून बघितला. गोळ्या टपाटप खाली पडल्या आणि रस्त्याच्या उताराला लागल्या. सगळ्या सापडल्या, एक सापडेना. मामा लिंबाकडे बघत बसले. गटार उपसलं, एसटीतून उतरलेल्या लोकांच्या वहाणांखाली बघितलं. आठवड्यानं शेजारच्या किराणा दुकानात मी गूळ घ्यायला गेलो, तर तराजूच्या एका पारड्याला दोऱ्यानं बांधलेलं काहीतरी चमकत होतं. दुकानदारानं माझी गोळी पासंग म्हणून लावली होती. मी मागितली, तर म्हणाला, “आता कशाला? आठ दिवस सगळ्या शिरूरनं हिच्यावर माप घेतलंय.” शेवटी मामा स्वतः गेले तेव्हा कुठे ती सुटली.

आणखी एक गिऱ्हाईक सांगतो. कांद्याचे एक व्यापारी होते, त्यांनी नवी चार दारांची मोटार घेतली. गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले शाफ्ट बघून त्यांनी चौकशी केली आणि म्हणाले, “माझेबी पुढचे काढा.” मी समजावलं, शेट, तुमच्या गाडीला पुढे शाफ्ट नसतातच. त्यांना वाटलं मी टाळतोय. तीन वेळा आले. तिसऱ्या वेळी मामांनी मला खूण केली. मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो, आसावर थोडा वेळ ठोकाठोक केली, थोडा वेळ गाणं म्हटलं आणि बाहेर आलो. शेटनी बाजारपेठेत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणाले, “बघा, कशी हलकी पळतीय.” मामांनी मजुरी घेतली नाही. पुढे पावसाळ्यात शेट पुन्हा हजर: आता घालून द्या. मी परत खाली शिरलो.

तेव्हा नसलेले शाफ्ट काढण्यात आणि घालण्यात मी तरबेज झालो होतो. असलेल्यांचंच काय ते चुकलं.

आता कुसुमबद्दल. कुसुम माझी बायको, दौंडची. तिचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. कोळसा फोडण्यापासून सुरुवात करून ड्रायव्हर झालेले. कोळशाच्या धगीनं तापून माणूस लालबुंद होतो म्हणतात, अण्णा उलट थंड झाले होते. माझं स्थळ गेलं तेव्हा त्यांनी मला क्वार्टरच्या ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, “आमची पोर गाडी चालवणाराच्या घरातली. तुम्ही गाडी खालनं बघणारं.” मला वाटलं नकार आला. पण त्यांनी दोन्ही बाजू तेवढ्या मोजून दाखवल्या होत्या. विहारापुढे मांडव पडला आणि लग्न झालं.

कुसुमची आई ती लहान असतानाच गेली. घरात ती आणि अण्णा दोघंच. अण्णांचा एक शिरस्ता होता. फेरीवरून आले की घरात पाऊल टाकायच्या आधी ते रिकामा डबा कुसुमच्या हातात द्यायचे, मगच बोलायला सुरुवात करायचे. डबा अगदी रिकामा कधी नसायचा. तळाला भाकरीचा एक चतकोर तिच्यासाठी ठेवलेला असायचा, इंजिनाच्या फावड्यावर गरम केलेला. त्याला कोळशाचा वास यायचा. कुसुम म्हणायची, जगात त्याच्यासारखी भाकरी नाही. मी एकदा गॅरेजच्या शेगडीवर फावडं ठेवून तशी भाकरी करून बघितली, तिला बरं वाटावं म्हणून. तिला डिझेलचा वास आला. खाल्ली मात्र.

शिरूरला रेल्वे नाही. लग्नानंतर हे तिच्या ध्यानात यायला एकच दिवस लागला असेल. दुपारी भांडी घासताना ती मध्येच हात थांबवून कान द्यायची. वारा दक्षिणेचा असला की म्हणायची, “अहो, शिट्टी वाजली.” मी म्हणायचो, अगं दौंड कुठं, आपण कुठं, तो गिरणीचा भोंगा असेल. ती ऐकून घ्यायची आणि परत हात थांबवायची. तेव्हा मी दर वेळी बरोबर बोलत होतो. त्याचा आता काही उपयोग नाही.

दुष्काळ सरल्यानंतरचा हिवाळा होता. दौंडच्या क्वार्टरमधला एक शेजारी शिरूरच्या बाजाराला आला आणि कुसुमला निरोप देऊन गेला: अण्णा रिटायर होतायत, येत्या गुरुवारी सकाळी नगरकडून पॅसेंजर घेऊन दौंडात येतील ती शेवटची. ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीला स्टेशनात शिरताना रुळावर फटाके ठेवतात. धुक्यात गाडीला इशारा द्यायला जे वापरतात तेच. चाक वरून गेलं की उडतात. ती त्या माणसाला सलामी. अण्णांनी एवढंच सांगितलं होतं, की कुसुमला म्हणावं, डबा घ्यायला ये.

निरोप घेऊन कुसुम तडक गॅरेजला आली. मी तेव्हा दोन जीपांच्या मधे बसलो होतो. दोन्ही लष्करी, दोन्ही हिरव्या, दोघींचीही पुढची चाकं काढलेली. भिंतीकडची होती न्हावऱ्याच्या आबांची. आबांचा अर्धा ऊस नदीपलीकडे, त्यामुळे त्यांना शाफ्ट बारमाही लागायचे. एका सांध्याच्या गोळ्यांना खड्डे पडून कटकट वाजत होतं म्हणून ती आलेली. नवा सांधा पुण्याहून आला होता, दोन्ही शाफ्ट तयार होते, फक्त बसवायचे होते. नळाकडची जीप खडी पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची. तिचे शाफ्ट भिंतीवर टांगून झाले होते, तिची नुसती टोपी लावून चाकं चढवायची होती.

मी कुसुमला घेऊन समोर चहाला गेलो. ती म्हणाली, बुधवारी दुपारच्या एसटीनं जाते. मी म्हटलं, इंजिन ड्रायव्हरची पोर एसटीनं कशाला? आबांची जीप गुरुवारी न्हावऱ्याला पोचवायचीच आहे, तशीच, पाणी उथळ असतं त्या उतारावरून नदी पार करून दौंडला जाऊ, गाडीची परीक्षाही होईल.

ती म्हणाली, “यष्टी पोचते तरी.”

“आन् माझी जीप न्हाई पोचत?”

तिनं चहा संपवला, पदर सावरला आणि गेली. मी खूश होतो. सासऱ्याच्या शेवटच्या दिवशी स्टेशनापुढे जीप उभी करायची, खाली उतरून त्याच्या पोरीला हात द्यायचा, आणि ‘गाडी खालनं बघणारं’ हे त्याचं बोलणं तिथल्या तिथे फेडायचं, असा माझा बेत होता.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात गॅरेजात एक ट्रक आला. त्याला जागा करायला मामांनी दोन्ही जीपा पुढून चाकांच्या जॅकवर घेऊन ढकलत हलवल्या, मग परत आत घेतल्या. पहिली आत गेली ती भिंतीला, दुसरी नळाला. आधी उलट होतं. मी परत आलो आणि भिंतीकडच्या जीपला आबांचे शाफ्ट घातले, मन लावून, सील न फाडता. नळाकडचीला टोप्या लावल्या.

तुम्ही विचाराल, नंबर बघायचा नाही का? आमच्यात नंबर बघायची पद्धत नव्हती. नंबर पोलिसांनी बघायचा. आबांच्या सीटवर घोंगडी अंथरलेली होती हे खरं, पण मिस्त्री चाकापाशी बसला की त्याला चाकच दिसतं. घोंगडी दिसायला मान वर करावी लागते. मामांनी जाता जाता विचारलं, “बोट घातलं?” मी म्हटलं, घातलं.

गुरुवारी उजाडता मामांनी घोंगडीची जीप बाहेर काढून ठेवली होती, तिच्यात बसून आम्ही निघालो. कुसुमनं हिरवं लुगडं नेसलेलं, मांडीवर झेंडूचा हार. न्हावऱ्याला आबा चढले. त्यांना दौंडला काम होतं, आणि माझ्या सांध्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

“वाळूतनं काढून दावा, मिस्त्री. मंग मानतो.”

मी म्हटलं, आबा, दांडा ओढायचा अवकाश.

उतारावर नदीला गुडघ्याच्या खालीच पाणी होतं, पण तळाला सगळी वाळू. खालच्या अंगाला लांब रेल्वेचा पूल दिसतो. निम्म्यावर मागची चाकं बसली. मी आबांकडे बघून हसलो आणि छोटा दांडा ओढला. इंजिन गरजलं, मागची चाकं आणखी खाली गेली. दांडा परत ढकलून परत ओढला. तिसऱ्या वेळेला आबा म्हणाले, “हातात यील तुमच्या.”

मी पाण्यात उतरलो. आबांना पॅडल दाबायला सांगून पुढच्या चाकाकडे बघितलं. मागं वाळू उडतेय, पाणी उसळतंय, आणि पुढचं चाक फोटो काढायला उभं राहावं तसं स्तब्ध. त्या क्षणी मला कडुलिंब दिसला, ट्रक दिसला, भिंत दिसली, नळ दिसला. सगळं कळलं. मी तोंड धुतलं आणि म्हणालो, सांध्यात वाळू गेली असेल.

आबा धोतर खोचून खाली आले, चाकूनं टोपी उचकटली आणि आत बोट घातलं. मामांचा धडा आबांना न शिकवता येत होता.

“मिस्त्री, हितं घुशीनं पोरं घातली तरी जागा उरंल.”

कुसुम जीपमधूनच बघत होती. तिनं एकदाच विचारलं, “गाडी यायच्या आत निघंल का?” मी म्हटलं, निघेल. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पुलाकडे बघितलं, आणि परत विचारलं नाही. मला वाटलं, विचारावं. रागावावं. एसटीचं नाव काढावं. ती हाराची एक सैल झालेली गाठ घट्ट करत बसली.

नदीच्या पात्रात कलिंगडाची वाडी होती. तिथला माणूस बैल आणायला गेला. बैल यायच्या आत नगरकडून, काष्टीच्या अंगाला धूर दिसला.

कुसुम उठली. हार सीटवर ठेवला, बॉनेटवर चढली आणि उभी राहिली. धूर पुढे पुढे सरकत आला आणि काळं इंजिन पुलावर चढलं. मला काही सुचेना. एवढंच कळत होतं, की अण्णांनी हिला बघितलं पाहिजे. पलाटावर नाही तर निदान इथे. हत्यारांच्या पिशवीत हात घातला, फडकं सापडलं, ते घेऊन मी बंपरवर चढलो आणि जिवाच्या आकांतानं हलवायला लागलो.

कुसुमनं वरून माझ्या हातावर सणसणीत फटका मारला.

“अहो, लाल हाय ते! अण्णांची गाडी थांबवता का काय?”

जुन्या चादरीचं फडकं होतं, लालभडक. ते पाण्यात पडलं आणि वाहून गेलं. मग तिनं स्वतःचा हिरवा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. वाऱ्यानं तो भरला. पुलावरून शिट्टी आली, लांबलचक, संपता संपेना. कुणी वाकून बघत होतं का, हात हलवत होतं का, एवढ्या लांबून दिसत नव्हतं. डबे गेले, पूल मोकळा झाला, धूर तेवढा राहिला. ती पदर धरून तशीच उभी. आबांनीही फेटा काढून हातात घेतला होता.

मग दौंडाकडून आवाज आले. ठप्, ठप्, एकामागून एक, दबलेले, रानात कुणी बंदूक उडवावी तसे. ती ऐकत राहिली. शेवटचा झाल्यावर म्हणाली, “वाजले.” आणि खाली उतरली.

त्या उतारावर मी अजून कधीतरी जाऊन बसतो. मुलगा मोटारसायकलवरून सोडतो आणि त्याचं काम उरकून न्यायला येतो. आता पलीकडे जायला पूल आहेत, गाडी नदीत घालायची वेळ कुणावर येत नाही. घालायची म्हटली तरी अडकायला वाळू कुठे उरलीय. ती ट्रक भरभरून गेली, खाली खडक आणि खड्डे. रेल्वेच्या पुलावरून गाड्या पूर्वीपेक्षा जास्त जातात, धुराशिवाय. इब्राहिममामा गेले, गॅरेजच्या जागी मोबाईलची दुकानं झाली, कडुलिंब रस्ता रुंद करताना पडला. नव्या मोटारींना पुढचेच शाफ्ट असतात, सगळ्यांना, जीप नसली तरी. दुसऱ्या गॅरेजांतली पोरं सांध्यावरचा रबराचा बूट फाटला की अख्खा शाफ्ट बदलून टाकतात, गोळ्या बघतही नाहीत. मी गेलो की खुर्ची देतात. कुणी टोपी बसवत असलं की माझं बोट आपोआप पुढे होतं. हल्ली मी ते न चुकता घालतो, त्यांच्या कामात.

कुसुम जाऊनही बरेच पावसाळे झाले. वारा दक्षिणेचा सुटला की मी भांडी घासायच्या जागेकडे बघतो आणि कान देतो. गिरणीही बंद पडलीय, भोंगा नाही. तरी मला शिट्टी ऐकू येते. सांगायला कुणी नाही, आणि खोटं म्हणायलाही कुणी नाही.

तर बैल आले. बैलांनी जीप काठाला लावली आणि आम्ही दौंडला पोचलो. स्टेशनाच्या पलाटावर गुलाल सांडलेला, झेंडूच्या पाकळ्या, चहाचे रिकामे ग्लास. माणसं पांगली होती. अण्णा एकटे बाकावर बसले होते, गळ्यात चार हार, मांडीवर डबा. बरोबरचे लोक डबा घ्यायला, घरी चला म्हणून ओढायला लागले तेव्हा त्यांनी डबा हातातून सोडला नाही, असं हमालानं आम्हाला सांगितलं. मी आबांच्या मागे राहिलो. जीप स्टेशनापुढे उभी करून दाखवायची राहूनच गेली होती. अंगावर चिखल, आणि एक वहाण नदीत.

कुसुम पुढे गेली. अण्णांनी डबा तिच्या हातात दिला, आणि मगच म्हणाले, “बॉनेटवर का चढलीस? पडली असतीस.”

तिनं तिथेच बाकावर बसून डबा उघडला. तळाला चतकोर होता. तिनं त्यातला तुकडा मोडून तोंडात घातला आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. चावता चावता रडत होती, रडता रडता चावत होती. अण्णा पलीकडे रुळाकडे बघत राहिले. उरलेला तुकडा तिनं माझ्यापुढे केला. मी खाल्ला. कोळशाचा वास खरंच होता.

मला वाटलं, आता मिटलं. मी पुढे होऊन अण्णांच्या पाया पडलो आणि म्हणालो, चुकलं माझं, पण निदान तुम्ही आम्हाला बघितलंत.

अण्णा म्हणाले, “लाल दिसल्यावर मी जन्मात कधी गाडी दामटली न्हाई. आज पुलावरनं लाल दिसलं. हात ब्रेकवर गेला व्हता. मंग म्हटलं, धरलंय कुणी ते तरी बघावं. बघितलं, आन् हात काढून घेतला.”

“का हो, अण्णा?”

“पाहुणं, तुमच्या हातात हाय म्हंजी चुकूनच असणार.”